हिऱ्याची पुडी आणि शांततेचा हिशेब

साखरपुड्याची अंगठी घ्यायला गेलेलं जोडपं सराफाला चार गोष्टी हमखास विचारतं: वजन किती, रंग कसा, आत डाग आहे का आणि भाव काय. हा खडा कुठल्या जमिनीतून निघाला, हे सहसा कुणी विचारत नाही. जगातल्या दहापैकी नऊ हिऱ्यांना पैलू भारतात, त्यातही मुख्यतः सुरतेत पडतात. त्यांचा फार मोठा व्यवहार मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये होतो. त्यामुळे न विचारलेला हा प्रश्न आपल्या दारातला आहे. सचोटीच्या व्यापाराने युद्धाची रसद तोडता येते; पण त्यासाठी आधी काही गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज १: युद्ध बंडखोर आणि राजकारणी करतात. त्यात व्यापाऱ्याचा काय संबंध?

वस्तुस्थिती: पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ यादवी चालली. तिथल्या कोनो जिल्ह्यात हिरे नदीकाठच्या गाळात, वाळू-गोट्यांत सापडतात. ते काढायला फावडं, चाळणी आणि गढूळ पाण्यात दिवसभर उभी राहणारी माणसं पुरतात. ज्याने बंदुकीच्या जोरावर नदीकाठ बळकावला, त्याला तिजोरीच सापडली. ‘रिव्होल्युशनरी युनायटेड फ्रंट’च्या बंडखोरांनी तेच केलं. हिरे शेजारच्या लायबेरियातून बाहेर जात आणि त्याच वाटेने शस्त्रं आत येत. सुमारे ५० हजार माणसं मेली. कितीतरी गावकऱ्यांचे हात तोडले गेले. लायबेरियाचे माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर यांना या गुन्ह्यांतल्या साथीबद्दल २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली.

याच बंडखोरांनी २००० साली कैलाहून इथे शांतिसेनेतल्या दोनशेहून अधिक भारतीय जवानांना अडीच महिने वेढून ठेवलं होतं. ‘ऑपरेशन खुकरी’ या लष्करी मोहिमेने त्यांची सुटका झाली. त्या काळीही जगभरातला बारीक कच्चा हिरा मुख्यतः भारतातच घासला जात होता. वेढा घालणाऱ्यांच्या काडतुसांचा पैसा आपल्याच कारखान्यांतून फिरून गेला नसेल, असं छातीठोकपणे कोण सांगेल? नदीकाठी काढलेला हिरा कुणीतरी रोख मोजून घेत होतं, म्हणूनच त्याची शस्त्रं होत होती.

गैरसमज २: पैलू पाडल्यावर हिरा कुठला ते कळत नाही, मग चौकशी करून उपयोग काय?

वस्तुस्थिती: यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. कच्च्या खड्याची साल आणि घडण पाहून जाणकार खाणीचा अंदाज बांधतो, आणि पैलू पाडताना नेमकी तीच खूण घासली जाते. म्हणून पहारा कच्च्या मालावर हवा. मे २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्ली शहरात हिरे उत्पादक देश, व्यापारी आणि स्वयंसेवी संस्था एकत्र बसल्या आणि १ जानेवारी २००३ पासून ‘किंबर्ली प्रक्रिया’ अमलात आली. तेव्हापासून सदस्य देशांमध्ये कच्चा हिरा सीलबंद डब्यातून आणि सरकारी प्रमाणपत्रासहच सीमा ओलांडतो. प्रक्रियेबाहेरच्या देशाशी त्याचा व्यापार करता येत नाही. भारत सुरुवातीपासून त्यात आहे. २००८ आणि २०१९ मध्ये अध्यक्षपदही आपल्याकडे होतं. पुढे पैलूदार मालाच्या बिलावर विक्रेत्याने लेखी हमी द्यायची, अशी व्यवस्था व्यापाऱ्यांनी स्वतः उभी केली.

गैरसमज ३: हिरे घेणंच बंद करावं, म्हणजे प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती: बोत्स्वाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला, तेव्हा तो जगातल्या अतिशय गरीब देशांपैकी एक होता. दुसऱ्याच वर्षी ओरापा इथे हिरे सापडले. खाणी चालवणाऱ्या डेबस्वाना कंपनीत सरकार आणि डी बीअर्स ही हिरे कंपनी यांचा वाटा निम्मा-निम्मा आहे. त्या पैशातून रस्ते, शाळा, दवाखाने झाले. देशात नियमित निवडणुका होतात आणि यादवी एकदाही झालेली नाही. सिएरा लिओन आणि बोत्स्वाना, दोन्ही देशांत निघाला हिराच. बोत्स्वानात त्याचा हिशेब उघड होता, सिएरा लिओनमध्ये बंदुकीच्या धाकाखाली. सरसकट बहिष्काराने बोत्स्वानाचा शिक्षक आणि सुरतेचा कारागीर आधी भरडला जाईल.

गैरसमज ४: प्रमाणपत्र आहे, म्हणजे हिरा निष्कलंक.

वस्तुस्थिती: दुकानात मिळणारं प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र वजन, रंग, शुद्धता आणि पैलूंची प्रत सांगतं. किंबर्लीचं प्रमाणपत्र फक्त कच्च्या मालाचं असतं, आणि तो माल सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांना पैसा पुरवत नाही, एवढंच त्यातून कळतं. झिम्बाब्वेतल्या मारांगे इथे २००८ मध्ये हिरे खोदणाऱ्या गरिबांवर लष्कराने गोळ्या झाडल्या. मारणारे सरकारचेच सैनिक, त्यामुळे ते हिरे ‘संघर्षातले’ ठरले नाहीत. २०११ मध्ये तिथल्या निर्यातीला मोकळीक मिळाली, तेव्हा हा सगळा विषय जगासमोर आणणारी ‘ग्लोबल विटनेस’ संस्था निषेध म्हणून प्रक्रियेतून बाहेर पडली. युक्रेन युद्धानंतर रशियन हिऱ्यांच्या बाबतीतही ‘संघर्षातल्या’ हिऱ्याची हीच व्याख्या तोकडी पडली आणि जी-७ देशांना २०२४ पासून वेगळी बंदी घालावी लागली. नियम पाळला म्हणून व्यापाऱ्याची जबाबदारी संपत नाही.

गैरसमज ५: एकट्याच्या सचोटीने काय होणार?

वस्तुस्थिती: मार्च २०१७. तोच कोनो जिल्हा. इमॅन्युएल मोमोह या धर्मोपदेशकाने कामावर लावलेल्या माणसांना ७०९ कॅरेटचा, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅम वजनाचा, जवळजवळ अंड्याएवढा हिरा सापडला. रातोरात सीमेपलीकडे नेऊन तो विकता आला असता. मोमोह यांनी तो सरकारच्या स्वाधीन केला. डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला त्याचा उघड लिलाव होऊन ६५ लाख डॉलर आले आणि त्यातला निम्म्याहून अधिक वाटा पाणी, वीज, शाळा, रस्ते अशा कामांसाठी ठरला. लोक त्याला ‘शांततेचा हिरा’ म्हणू लागले.

आपला हिरेबाजार आजही शब्दावर चालतो. लाखो रुपयांची पुडी जांगड दिली जाते. पसंत पडली तर पैसे, नाही तर माल परत. एकमेकांना दिलेला शब्द मोडणाऱ्याला या बाजारात उभं राहता येत नाही. हाच शब्द गढूळ पाण्यात चाळणी धरून उभ्या असलेल्या माणसालाही लागू झाला पाहिजे. त्याची सुरुवात ग्राहक करू शकतो. कच्चा माल कुठल्या देशाचा? बिलावर लेखी हमी आहे का? पुरवठादार मालाची नोंद ठेवतो का? पहिल्या गिऱ्हाइकाला सराफाकडे बहुधा उत्तर नसेल. पण दिवसभरात तिघांनी विचारलं, तर संध्याकाळी तो आपल्या दलालाला फोन करून तेच विचारेल.