शिष्यवृत्ती : मान आणि आधार

‘मुलगी हुशार आहे, परंतु कॉलेजात घालण्याची ऐपत नाही,’ असे उद्गार दहावीच्या निकालानंतर दरसाल आमच्या कानी पडतात. कपाशीचे एक पीक बुडाले म्हणून बुद्धिमान मुलीचे शिक्षण कायमचे थांबावे, ही हानी लहान नव्हे. म्हणून शिष्यवृत्तीसंबंधी थोडे विवेचन येथे करीत आहोत.

द्रव्यसाह्य दोन तत्त्वांवर दिले जाते. पहिले तत्त्व गुणवत्तेचे. नाना शंकरशेट यांच्या नावाची शिष्यवृत्ती मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात अग्रेसर ठरणाऱ्यास मिळे. सन १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी मिळविली. तेच पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. असे पारितोषिक देताना वडिलांची मिळकत कोणी पाहत नाही. तो बुद्धीचा मान होय.

दुसरे तत्त्व गरजेचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असता बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज त्यांस दरमहा २५ रुपये देत. सन १९१३ मध्ये महाराजांनीच तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड मंजूर करून त्यांस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. यावरून दोन बोध घ्यावे : गरजेपोटी मिळालेले साह्य ही भिक्षा नव्हे, आणि अटी वाचल्यावाचून सही करू नये.

श्रमाचाही एक मार्ग आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी सन १९४७ मध्ये साताऱ्यास काढलेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात विद्यार्थी ‘कमवा आणि शिका’ या रीतीने शिकले.

गुण आणि गरज या दोहोंचा मेळ घालणारी आजची योजना म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती. शासकीय, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांस आठवीत तिची परीक्षा देता येते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांहून अधिक नसावे. निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षास १२,००० रुपये मिळतात; मात्र दरवर्षी प्रगती समाधानकारक असावी लागते. कॉलेजासाठी महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावयाचे असतात.

पालकांनी एक हिशेब अवश्य मांडावा. शुल्क माफ झाले म्हणजे सारा खर्च माफ झाला असे नाही. खोलीभाडे, खाणावळ, प्रवास व पुस्तके उरतातच. आपल्या अमळनेरात सन १९४५ पासून प्रताप कॉलेज आहे. घरी राहून तेथे शिकणाऱ्याचा खोली व खाणावळीचा खर्च वाचतो, ही गोष्ट कोणत्याही शिष्यवृत्तीइतकीच मोलाची आहे.

पुष्कळांची शिष्यवृत्ती गुणांअभावी नव्हे, तर कागदांअभावी जाते. तहसील कचेरीतील उत्पन्नाचा दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला, गुणपत्रिका आणि विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे आधारशी जोडलेले बँकखाते, ही सामग्री निकालापूर्वीच सिद्ध ठेवावी. उत्पन्नाचा दाखला ठराविक मुदतीपुरताच चालतो, हे विसरू नये. अर्जाचे नूतनीकरणही वेळेवर करावे.

विद्यार्थ्यांनो, पहिला क्रमांक आला नाही म्हणून निराश होऊ नका. साह्याचे सर्वच मार्ग पहिल्या क्रमांकासाठी राखलेले नाहीत. आणि पालकहो, ‘ऐपत नाही’ हा निर्णय करण्यापूर्वी एकवार शाळेत येऊन चौकशी करा. अर्ज भरण्यास आम्ही आनंदाने हातभार लावू.