वकील व्हायचे, मग इतिहास कशाला?

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांतून आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. मुलगी वकील होते म्हणते, पण पाच वर्षांच्या लॉच्या अभ्यासात सुरुवातीला इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, तर्कशास्त्र कशासाठी? रोजंदारीवर घर चालवणाऱ्या आई-बापाला ही फुकटची फी वाटते. त्यांची काळजी खरी आहे. पण हा अभ्यास फुकट जात नाही, असे आम्हाला अनुभवाने वाटते.

महाडचाच दाखला पाहा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्याच वर्षी डिसेंबरात सवर्णांनी त्यांच्यावर दिवाणी दावा लावला. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना तिथे मज्जाव करण्याची रूढी पूर्वापार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. अशी रूढी कोर्टाने मानावी, तर ती स्मरणातीत काळापासून चालत आल्याचे सिद्ध करावे लागते. म्हणजे तळे कोणाचे, रूढी किती जुनी, हा कायद्याइतकाच इतिहासाचाही प्रश्न झाला. नऊ वर्षांहून अधिक काळ हे भांडण चालले. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने ठरवले की, अशी पुरातन रूढी सिद्ध झालेली नाही.

बाबासाहेब स्वतः आधी अर्थशास्त्र शिकले. कोलंबिया विद्यापीठात त्यासोबत समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्रही अभ्यासले. १९१५ साली एम. ए. झाले आणि त्यानंतर लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले.

आजच्या वकिलालाही हेच लागते. कामगाराच्या थकलेल्या पगाराचा हिशेब मांडायला अर्थशास्त्र उपयोगी पडते. ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये साक्षीदार का फुटतो, हे गावगाडा जाणणाऱ्यालाच उमगते. उलटतपासणीत तर्कशास्त्र कामी येते.

वाटा दोन आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा लॉ, किंवा कोणतीही पदवी घेऊन तीन वर्षांचा. पहिल्या वाटेने एक वर्ष वाचते. दुसऱ्या वाटेने बी. ए. झाल्यावर हाती पदवी असते. घर अडचणीत आले तर नोकरी धरता येते. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे प्रवेशाला किमान ४५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जातींना ४० टक्के. महाराष्ट्रात दोन्हींसाठी सीईटी द्यावी लागते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. त्यासाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवावा.

आणि मुलीच्या हातात इतिहासाचे पुस्तक दिसले, तर ‘कायदा कधी वाचणार?’ असे तिला विचारू नका. ती कोर्टाचीच तयारी करते आहे.