सुगीचा पहिला वाटा

कानबाईच्या रोटाला आपल्या खानदेशात भाऊबंद जमतात. ख्रिस्ती मंडळींचा उपकारस्तुतीचा सण सुगीचा. पण तिथे भाऊबंदकी विचारीत नाहीत. शेतकरी कणसे, भोपळे, कोंबडी आणतो. ज्याला शेत नाही तो मूठभर धान्य ठेवतो.

हे एकत्र बसणे सहज जमलेले नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकनांसह सहा पंथांचे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. कोणी तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देणारे, कोणी जाणत्यालाच. दोन्ही रीती चालू ठेवल्या! आपल्याकडे तर बांधावरून सख्खे भाऊ एका पंगतीला बसत नाहीत.

उपासनेनंतर लिलाव होतो. भोपळा बाजारभावाच्या वर जातो, आणि घेणाऱ्याला त्याचे वाईट वाटत नाही. पैसा मंडळीच्या कामी लागतो.