एकोणिसाव्या शतकाचा पोशाख घरच्या सुईने

सतरा सप्टेंबरच्या किंवा शिवजयंतीच्या मिरवणुकीत मुलाला ऐतिहासिक पोशाख हवा, असे शाळेतून कळते आणि आईबाप भाड्याच्या दुकानाकडे धाव घेतात. तेथे मिळतो तो चकचकीत कापडाचा, पाठीला चेन लावलेला अंगरखा. वास्तविक चेन काय आणि ते कापड काय, दोन्ही विसाव्या शतकातली. खरा पोशाख घरी शिवता येतो. त्याला कौशल्यापेक्षा विचार अधिक लागतो.

पहिला विचार : पोशाख कोणाचा? एकोणिसाव्या शतकात आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तो स्वतंत्र भारतात आला १९४८ साली. देशपांडे-देशमुखांच्या वाड्यात अंगरखा आणि उपरणे, शेतकऱ्याच्या अंगात बाराबंदी, डोक्याला मुंडासे, खांद्यावर घोंगडी. घरोघरी बायकांचे लुगडे आणि खणाची चोळी. किनवट-माहूरकडील तांड्यांवर आरसे आणि कवड्या लावलेली फेटिया आणि कांचळी. शेरवानी हैदराबादच्या दरबारी मंडळींत शतकाच्या उत्तरार्धात रुळली. तेव्हा नांगरामागच्या कुणब्याला पुणेरी पगडी घालणे म्हणजे त्याचा सन्मान नव्हे. त्याला पुसून टाकणे होय.

दुसरा विचार काळाचा. मुंबईची पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन झाली. रासायनिक रंगांतील पहिला, जांभळा, १८५६ साली इंग्लंडात पर्किनच्या हाती लागला. सिंगरच्या शिवणयंत्राचे पेटंट १८५१ सालचे. ते आपल्या खेड्यांपर्यंत येण्यास पुष्कळ काळ गेला. म्हणून १८५० च्या आधीचा पोशाख करायचा तर हातमागाचे कापड घ्यावे, रंग नीळ, मंजिष्ठ, हळद यांच्या जवळचे निवडावेत आणि दिसणारी शिवण तरी हाताची असावी.

कापडासाठी दूर जायला नको. लातूर जिल्ह्यातील उदगीरची खादी राष्ट्रध्वजासाठी नावाजलेली आहे. हातसुती, हातविणीचे कापड हेच त्या काळाला सर्वांत जवळचे. मात्र बेतण्यापूर्वी ते रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे; नाही तर पहिल्याच धुण्यात अंगरखा आखडतो.

आता बेतणे. हातमागाचा पन्हा लहान असे आणि वीतभर कापडामागेही विणकराचे श्रम असत. म्हणून जुन्या बेतात गोलाई फार थोडी. बहुतेक तुकडे आयत आणि तिरप्या कळ्या. एक लांबट आयत तिरका कापला की दोन कळ्या निघतात आणि चिंधीसुद्धा वाया जात नाही. या कळ्या कमरेखाली जोडल्या म्हणजे अंगरख्याला घेर येतो. जोडताना एका कळीची तिरपी कड दुसरीच्या सरळ कडेला लावावी. तिरपी कड ताणली जाते, सरळ कड तिला धरून ठेवते. दोन्ही तिरप्या कडा एकत्र आल्या की घेर लोंबतो.

बाही सरळ आणि अंगही सरळ. मग हात वर केल्यास शिवण उसवणार. त्यावर जुन्या शिंप्यांचा उपाय म्हणजे चौबगला. बगलेत कोनावर बसवलेला हा चौकोनी तुकडा मोठ्या माणसाला साधारण चार बोटे, मुलाला तीन बोटे पुरतो. भाड्याच्या पोशाखाची बगल प्रथम फाटते, कारण तिच्यात हा तुकडा नसतो.

बाराबंदीत दोन पुढे एकमेकांवर येतात. काही बंद आत, काही बाहेर. आतले आधी बांधावेत. बटण मुळीच नको. ज्याला ती प्रत्यक्ष पाहायची असेल त्याने संक्रांतीला सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेस जावे. तेथे नंदीध्वजांबरोबर चालणारे भक्त पांढरी बाराबंदी आजही घालतात.

नवशिक्याने मात्र लहान वस्तूंपासून आरंभ करावा. एका खणात तान्ह्या बाळाची कुंची होते : कापड दुमडून एक कड शिवली की टोपी, खालचा भाग पाठीवर मोकळा. तिच्यावर धावदोरा आणि तुरपाई शिकून होते. पुढे पानसुपारीची कप्प्यांची चंची, मग बटवा.

एक विनंती शेवटी. आपल्याकडे जुने कपडे उरले नाहीत, कारण ते फेकले गेले नाहीत. ते वाकळेत गेले. पणजीचे लुगडे, आजीची चोळी, आजोबांचे धोतर थरांवर थर होऊन आपल्या अंगावर पांघरले गेले. गरिबीच्या आणि दुष्काळाच्या मुलखात कापडाला दुसरा जन्म असाच मिळे. म्हणून ट्रंकेत जुनी चोळी किंवा बंडी सापडली तर मिरवणुकीसाठी ती कापू नका आणि उसवूही नका. कागदावर ठेवून तिचे तुकडे, शिवणी, बंदांच्या जागा आणि मापे टिपून घ्या, आणि त्या बेतावर नवी शिवा. आपल्या बहुतेक पूर्वजांची ना चित्रे राहिली, ना चरित्रे. त्यांच्या देहाचे माप सांगणारी वस्तू एवढीच उरली आहे.