घाई नसलेलं इंजन

आमच्या भोकरकडे इंजन म्हटलं की आधी विहीर आठवते, मग पिठाची गिरणी. अमेरिकेत मात्र इंजन नावेलाही लागलं: 1909 मध्ये तिथल्या मिल्वॉकीत ओली एव्हिनरूडने नावेच्या पाठीला अडकवायच्या मोटरींचा कारखाना काढला. तसली जुनी मोटर घरी उघडून पुन्हा चालती करण्याचा नाद तिकडे अजून टिकून आहे. आपल्याकडे नदीनाल्यांना पाणी चार महिन्यांचं, म्हणून इंजन नावेऐवजी विहिरीच्या काठावर बसलं. नाद करायचा तर तो खोपीत पडलेल्या लिस्टर जातीच्या ऑइल इंजनाचा.

इंग्लंडमधल्या डर्सली गावच्या लिस्टर कंपनीने हे इंजन 1930 च्या सुमारास बाजारात आणलं. एकच सिलिंडर, साडेचार इंचांचा बोअर, साडेपाच इंचांचा स्ट्रोक. आधी ते पाच हॉर्सपॉवरचं होतं, पुढे मिनिटाला 650 फेऱ्यांवर सहाचं झालं. तिकडचं उत्पादन 1987 मध्ये थांबलं, पण राजकोटच्या कारखान्यांनी त्याच नमुन्याची इंजनं पुढेही घडवली. महाराष्ट्रात साताऱ्याचं कूपर होतं, आणि 1946 पासून पुण्याचं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स. किर्लोस्करचं एव्ही-1 पाच हॉर्सपॉवरचं, पण 1500 फेऱ्यांचं. दर दोन फेऱ्यांना एक ठोका, म्हणून ते मिनिटाला साडेसातशे ठोके देतं, लिस्टर सव्वातीनशे. ही संथ चालच त्याचं आयुष्य वाढवते.

मोट होती तोवर पाण्याचा हिशेब बैलांच्या फेऱ्यांवर चाले, इंजन आल्यावर डिझेलच्या कॅनवर. पुढे वीज आली, पाण्यात बुडणारे पंप आले आणि इंजनावर पोती रचली गेली.

असं इंजन उघडायचं तर पहिलं पथ्य म्हणजे घण लांब ठेवायचा. बिडाला वाकणं ठाऊक नाही, ते थेट तडकतं. पिस्टन धरून बसला असेल तर सिलिंडरमध्ये डिझेल ओतून चार-आठ दिवस मुरू द्यायचं, मग लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके. खरी परीक्षा चाकांची. दोन्ही फ्लायव्हील पाचरीसारख्या चाव्यांनी क्रँकवर घट्ट बसलेली असतात. गंजलेली चावी निघेपर्यंत अर्धा दिवस जातो आणि मिस्त्रीचा स्वभाव कळतो.

आतला भाग मात्र वहीसारखा वाचता येतो. लायनरची झीज सगळ्यात जास्त वरच्या टोकाला होते. रिंग जिथून माघारी फिरते, तिथे बोटाला कंगोरा लागतो. तो फारच मोठा असेल तर हवेची जाळी नसतानाही इंजन धुळीत चाललंय असं समजावं. क्रँकचा जर्नल लंबगोल झिजतो, कारण स्फोटाचा रेटा दर वेळी एकाच बाजूला बसतो. बिग एंडला तेल पोचवायला पंप नाही, कनेक्टिंग रॉडखालचा चमचा तेल उडवतो. तेलाची पातळी ज्याने पाहिली नाही, त्याचा आळस बेअरिंगवर उमटलेला दिसतो.

जोडणी म्हणजे मापांचं काम. नवी रिंग आधी लायनरमध्ये सरळ बसवायची आणि तोंडातली फट गेजने बघायची. बोअरच्या दर इंचाला साधारण चार थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे इथे अठराच्या आसपास. फट नसेल तर तापलेली रिंग फुगून लायनर ओरबाडते. सगळ्या रिंगांची तोंडं एका रेषेत ठेवायची नाहीत, नाहीतर कॉम्प्रेशन निसटतं. व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासायचे, सीटवर सलग करडी कडी उमटेपर्यंत. पिस्टन आणि हेडमधलं अंतर मोजायला शिशाची तार ठेवून चाक फिरवतात. चेपलेल्या तारेची जाडी म्हणजे ते अंतर.

शेवटी डिझेलच्या नळीतली हवा काढायची. नट सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत पंप दाबत राहायचं. हळूच हँडल फिरवल्यावर नोझलमधून ‘कर्र’ असा बारीक आवाज आला की फवारा नीट होतोय. मग धोतराचा सोगा आणि उपरणं पट्ट्यापासून दूर ठेवून व्हॉल्व्ह उचलून धरायचा, चाकाला वेग आला की सोडून द्यायचा.

पहिला धूर काळा-पांढरा निघतो, पोरं टाळ्या पिटतात. मिस्त्री मात्र पाण्याच्या पिंपाकडे जातो. या इंजनाला पाण्याचा पंपही नाही: तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं, गार पाणी खालून आत येतं. अर्ध्या तासाने तो पिंपाला वर आणि खाली हात लावतो. वर चटका, खाली गारवा. तेव्हा कुठे हात पुसून तो चहा मागतो.