‘जरा खात्री करून घेतो, साहेब’

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या बनावट कार्डांवर त्या दिवशी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघत होते. परदेशांत सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, भारतात अडीच कोटी. सोमवारी, १३ तारखेला, ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधल्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. १९०६ साली स्थापन झालेल्या या बँकेच्या एकाही शाखेचं कुलूप तुटलं नव्हतं.

हे घडलं कसं? आपण कार्ड सरकवतो तेव्हा एटीएम स्वतः काहीच ठरवत नाही. कार्ड खरं आहे का, खात्यात शिल्लक आहे का, हे ते बँकेच्या ‘स्विच’ला विचारतं. स्विच तो प्रश्न मुख्य प्रणालीकडे नेतो आणि तिथलं उत्तर परत आणतो. चोरट्यांनी घातक सॉफ्टवेअर घुसवून या वाटेवर एक खोटा स्विच उभा केला. पोस्टमनला वाटेतच गाठून सगळ्या पत्रांची उत्तरं कुणी परस्पर लिहून द्यावीत, तसा प्रकार. एटीएम विचारत राहिलं, खोटा स्विच ‘द्या पैसे’ म्हणत राहिला. ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागला नाही, कारण प्रश्न तिथपर्यंत पोचलाच नाही. भुर्दंड बँकेला पडला. कोल्हापुरातल्या एटीएममधूनही रक्कम काढली गेली होती. या प्रकरणात एप्रिल २०२३मध्ये पुण्यातल्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने मात्र या हल्ल्याचा धागा उत्तर कोरियापर्यंत नेला आहे.

कार्यालयात नवं तंत्रज्ञान येतं ते वेळ वाचवण्यासाठी. हा वेळ बहुतेकदा मधला विचारणारा माणूस कमी करून वाचतो. यंत्र यंत्राला विचारतं, यंत्रच उत्तर देतं. ते उत्तर खरोखर कुणी दिलं, हे तपासायला कुणी उरलं नाही की तिथून चोर आत येतो. गेल्या काही वर्षांतल्या मोठ्या घटना पाहिल्या, तर तंत्र दर वेळी वेगळं दिसतं, ही फट मात्र तीच असते.

दुसऱ्याच्या दारातून

२७ जून २०१७ रोजी न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम संगणक बंद पडल्यामुळे खोळंबलं. हे टर्मिनल मर्स्क या डॅनिश कंपनीच्या समूहाकडे होतं. हल्ला या बंदरावर नव्हताच, तो युक्रेनवर होता. तिथे कर भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘एमईडॉक’ या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये ‘नॉटपेट्या’ हा विषाणू मिसळलेला होता. मर्स्कच्या जाळ्यात तो शिरला आणि जगभर पसरला. कंपनीला सुमारे ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान २० ते ३० कोटी डॉलर. संपूर्ण जाळ्याची किल्ली ठरणाऱ्या माहितीची एकच प्रत वाचली, ती घानामध्ये. वीज गेल्यामुळे तिथला संगणक त्या वेळी बंद होता!

जुलै २०२४च्या अखेरीस हाच धडा आपल्या छोट्या बँकांना मिळाला. सहकारी आणि ग्रामीण बँकांना तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने खबरदारी म्हणून तिचा संपर्क तोडला आणि जवळपास ३०० बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार थांबले. या बँकांचं स्वतःचं काही चुकलं नव्हतं. पण आपलं काम कुणाच्या यंत्रावर चालतं, तो पुरवठादार पुढे कुणावर अवलंबून आहे, हे प्रश्न पतसंस्थेच्या संचालक मंडळालाही आता टाळता येणार नाहीत.

ओळखीचा चेहरा, ओळखीचा आवाज

जानेवारी २०२४. अरुप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याला ई-मेल आला. वित्तप्रमुखांच्या नावाने आलेल्या त्या मेलमध्ये एका गुप्त व्यवहाराची सूचना होती. कर्मचाऱ्याला संशय आला आणि तो रास्त होता. मग व्हिडिओ बैठक झाली. पडद्यावर वित्तप्रमुख होते, ओळखीचे सहकारी होते, त्यांचे आवाजही तेच. संशय मावळला. पाच खात्यांमध्ये १५ वेळा मिळून २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले गेले. बैठकीतला तो कर्मचारी सोडून बाकीचे सगळे चेहरे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले होते.

त्या कर्मचाऱ्याला भोळं ठरवून मोकळं होणं सोपं आहे. पण ‘डोळ्यांनी पाहिलं’ याहून मोठा पुरावा आजवर आपण मागितला होता का? आता मागावा लागेल. पैशाचा आदेश ज्या मार्गाने आला, त्या मार्गाने त्याची खात्री करायची नाही. कार्यालयाच्या नोंदीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन लावायचा. ठरावीक रकमेवर दुसऱ्या व्यक्तीची मंजुरी घ्यायचीच, घाई कितीही असो. आणि ‘कुणाला सांगू नका’ व ‘आत्ताच्या आत्ता करा’ या दोन सूचना एकत्र आल्या की थांबलंच पाहिजे.

टेबलावरचा नवा मदतनीस

२०२३मध्ये सॅमसंगच्या काही अभियंत्यांनी चूक शोधण्यासाठी कंपनीचा गोपनीय प्रोग्रॅम चॅटजीपीटीमध्ये टाकला. दुसऱ्या कुणी टिपण तयार करून घेण्यासाठी बैठकीचा मजकूर दिला. हेतू कामाचाच होता. पण माहिती कंपनीच्या हद्दीबाहेर गेली ती गेलीच. मे महिन्यात कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. जानेवारी २०२५मध्ये आपल्या अर्थ मंत्रालयानेही कार्यालयीन संगणकांवर ती वापरू नयेत, असं कर्मचाऱ्यांना कळवलं. नुसत्या बंदीने मात्र माणसं खिशातला मोबाइल काढतात आणि तेच काम तिथे करतात. तपासून घेतलेलं एखादं साधन उपलब्ध करून देणं आणि ग्राहकांची माहिती, पगारपत्रकं, निविदा यांतलं काय त्यात टाकायचं नाही हे स्पष्ट लिहून देणं, हा अधिक टिकाऊ उपाय आहे.

त्यापुढचा धोका अजून कमी लोकांना ठाऊक आहे. हे मदतनीस आता आपले ई-मेल आणि फाइली वाचतात. वाचलेल्या मजकुरात एखादी छुपी सूचना असेल, तर माहिती कुठली आणि आज्ञा कुठली, हा भेद त्यांना नीट करता येत नाही. जून २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कोपायलटमधली ‘इकोलीक’ ही त्रुटी उघड झाली. बाहेरून आलेला एक ई-मेल, त्यावर कुणी क्लिकही न करता, आतली माहिती बाहेर पाठवायला लावू शकत होता. गैरवापर होण्याआधी ती दुरुस्त झाली. पण बोध स्पष्ट आहे. नव्या कारकुनाच्या हाती आपण पहिल्याच दिवशी तिजोरीच्या किल्ल्या देत नाही. या मदतनीसालाही कामापुरतंच दिसावं, आणि पैसे पाठवणं किंवा फाइल पुसणं माणसाच्या होकाराशिवाय त्याला जमू नये.

एका प्रश्नाची किंमत

फेब्रुवारी २०१६मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सला पळवले गेले. वेळ निवडली होती गुरुवार रात्रीची, बांगलादेशातली साप्ताहिक सुट्टी लागताना. कॉसमॉसचा वारही शनिवार होता. सणासुदीला कार्यालयं ओस पडतात तेव्हा हे विसरू नये. त्याच चोरीतले आणखी २ कोटी डॉलर श्रीलंकेला निघाले होते. ते वाचले, कारण लाभार्थी संस्थेच्या नावात ‘फाउंडेशन’चं स्पेलिंग चुकलेलं दिसलं आणि वाटेतल्या डॉइश बँकेने खुलासा मागितला. महागड्या प्रणालींना जे जमलं नाही, ते एका शंकेने केलं.

अशी शंका विचारायला आपल्या कार्यालयांत धाडस लागतं, ही खरी काळजीची गोष्ट आहे. ‘साहेबांना उलट कसं विचारायचं?’ या संकोचावरच चोरांचा धंदा चालतो. चुकून क्लिक केलेला माणूस ओरडा बसेल म्हणून गप्प राहतो. २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत ‘सर्ट-इन’ या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवावी लागते. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवण्यासाठी पहिला तासच मोलाचा. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३च्या कायद्यात निष्काळजीपणाला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. दबलेली माणसं कळवण्याचे हे मोलाचे तास वाया घालवतात.

म्हणून सुरुवात वरून व्हायला हवी. मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाने सगळ्यांसमोर सांगावं: माझ्या नावाने आदेश आला तरी खात्री करा, मला राग येणार नाही. आणि कुणी खरंच फोन करून विचारलं, तर त्याचे आभार मानावेत. माहितीची एक प्रत जाळ्यापासून अलग ठेवावी, आणि ती परत उभी करून पाहण्याचा सराव वर्षातून एकदा तरी व्हावा. यांतल्या कशालाही मोठा खर्च नाही. ‘जरा खात्री करून घेतो, साहेब’ असं म्हणणाऱ्या कनिष्ठाला कार्यालयात मान मिळाला, तर त्या कार्यालयाची सुरक्षा निम्मी तिथेच उभी राहते. उरलेली निम्मी मग यंत्रांकडे सोपवता येईल.