आशावाद, निराशावाद आणि वास्तववाद: आजारपणात नेमका कशाचा उपयोग होतो?

समजा, रक्ताचा रिपोर्ट तुमच्या हातात आहे. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या साधारण तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, ८.२ टक्के आला आहे. ६.५ किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेह धरतात. हा कागद घेऊन दवाखान्यात येणारा एक जण म्हणतो, "डॉक्टर, मला त्रास काहीच नाही. आमच्या घरात सगळ्यांनाच शुगर आहे, सगळ्यांनी ऐंशी गाठली." दुसरा खुर्चीत बसायच्या आधीच सांगून मोकळा होतो, "संपलं आता. आधी किडनी, मग डोळे, मग पाय." तिसरा विचारतो, "हा आकडा कुठपर्यंत खाली आणायचा आणि त्यासाठी मला काय काय करावं लागेल?"

पहिल्याला आपण आशावादी म्हणतो, दुसऱ्याला निराशावादी आणि तिसऱ्याला वास्तववादी. पण पहिला खरोखर आशावादी आहे का, याबद्दल मला शंका आहे. तो रिपोर्टकडे बघतच नाही. आशा ठेवणे आणि डोळे मिटून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आजारपणात या फरकाची किंमत शरीराला मोजावी लागते.

आशावाद म्हणजे नेमके काय?

मानसशास्त्रात आशावादाचा अर्थ साधा आहे: पुढे आपल्या बाबतीत साधारणपणे बरे घडेल अशी अपेक्षा. मायकल शायर आणि चार्ल्स कार्व्हर या अमेरिकन संशोधकांनी १९८५ मध्ये ही अपेक्षा मोजणारी एक छोटी प्रश्नावली तयार केली. तिची सुधारलेली आवृत्ती आजही वापरली जाते. १९८९ मध्ये त्यांच्या गटाने बायपास झालेल्या ५१ पुरुषांचा अभ्यास केला. त्यात आशावादी रुग्ण लवकर हिंडूफिरू लागले आणि आपल्या नेहमीच्या कामाला इतरांपेक्षा लवकर लागले, असे दिसले.

याचे कारण काही गूढ नाही. "मी बरा होणार आहे" असे ज्याला वाटते तो गोळ्या वेळेवर घेतो, फिजिओथेरपीचा कंटाळा करत नाही, पुढच्या तपासणीला येतो. "काय उपयोग?" असे ज्याला वाटते तो तिसऱ्या महिन्यात गोळ्या बंद करतो. मन थेट रक्तवाहिन्यांवर किती काम करते यावर अजून वाद आहेत. पण मन पायांना चालायला लावते, हे आम्ही रोज पाहतो.

२०१९ मध्ये अमेरिकेतून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ७० हजार स्त्रिया आणि १,४०० पुरुष होते. सर्वाधिक आशावादी गटाचे आयुष्य सर्वात कमी आशावादी गटापेक्षा सरासरी ११ ते १५ टक्क्यांनी जास्त भरले. हा आकडा व्हॉट्सअॅपवर फिरण्यासारखाच आहे. पण असे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. ज्याची तब्येत, पगार आणि घर ठीक आहे त्याला आशावादी राहणे सोपे जाते. संशोधक हे घटक शक्य तेवढे वजा करतात, पण सगळे वजा होतातच असे नाही. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या सात लाखांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात आधीचे आजारपण हिशेबात घेतल्यावर आनंदी आणि दुःखी स्त्रियांच्या मृत्युदरात फरक उरला नाही. म्हणजे दुःखामुळे आजार येतो असे आपल्याला वाटते, तिथे बऱ्याचदा आजारामुळे दुःख आलेले असते.

"पॉझिटिव्ह राहा" हे कॅन्सरवरचे औषध नाही

शरद पवार यांची गोष्ट महाराष्ट्रात बहुतेकांना माहीत आहे. २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास त्यांना तोंडाच्या कॅन्सरचे निदान झाले. एका डॉक्टरने आपल्याला जेमतेम सहा महिने दिले होते, असे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. त्यानंतर ते २०१४ पर्यंत सलग दहा वर्षे केंद्रात कृषिमंत्री होते. राजकारण बाजूला ठेवू; तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट घरी असला की कोणीतरी हे उदाहरण देतेच, आणि ते द्यायला हरकत नाही.

मात्र त्या गोष्टीतला अर्धाच भाग सांगितला जातो. "जिद्द होती म्हणून वाचले," असे म्हणतात. जिद्द होतीच. पण शस्त्रक्रिया झाली, रेडिएशन झाले, तंबाखू-सुपारी सुटली. जिद्दीने त्यांना उपचारांच्या टेबलापर्यंत नेले आणि तिथे टिकवले; गाठ काढली ती शल्यचिकित्सकाने. २००७ मध्ये अमेरिकेत डोके आणि मान यांच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मनाची स्थिती चांगली असलेले रुग्ण जास्त जगले का, हे त्यात तपासले होते. उत्तर आले, नाही. मनःस्थितीवरून कोण किती जगेल हे सांगता आले नाही.

मला हा निष्कर्ष निराशाजनक वाटत नाही. उलट त्याने एक ओझे उतरते. केमोच्या चौथ्या फेरीनंतर ज्याला पाण्याचा घोट गिळवत नाही, त्याला नातेवाईक सांगतात, "तू मनाने हरलास म्हणून औषध लागू पडत नाही." असे बोलणे क्रूर आहे आणि वैद्यकीयदृष्ट्या चुकीचेही आहे. रडावेसे वाटले तर रडा. त्याने गाठ वाढत नाही.

"सहा महिने" या शब्दांबद्दलही थोडे. असा आकडा बहुधा मध्यक असतो: शंभर रुग्णांतले पन्नास त्याआधी जातात, पन्नास त्यानंतरही असतात, आणि त्यातले काही कितीतरी वर्षे. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटातला मेसोथेलिओमा हा दुर्मिळ कॅन्सर झाला. त्याचा मध्यक तेव्हा आठ महिने होता. ते २० वर्षे जगले. आकडे वाचता येत असल्याने त्यांनी आधी हे पाहिले की, आपले वय, आजाराची अवस्था आणि मिळणारे उपचार यांमुळे आपण रांगेच्या लांबच्या टोकाला असू शकतो का. आशा आणि वास्तव एकाच माणसात कसे नांदतात, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

वास्तू तथास्तु म्हणते

आपल्या घरांतून वाईट बोलायला बंदी असते. "अभद्र बोलू नकोस, वास्तू तथास्तु म्हणते." "शुभ बोल नाऱ्या." सणासुदीला ठीक आहे. पण याच सवयीने आरोग्यविमा पुढच्या वर्षावर जातो, छातीतली कळ गॅस ठरते आणि स्तनातली गाठ लग्नसराई संपेपर्यंत लपवली जाते.

१९८० मध्ये नील वाइनस्टाइन यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारले की, अमुक चांगली किंवा वाईट गोष्ट तुमच्या बाबतीत घडण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत किती? बहुतेकांना वाटले, चांगले माझ्या वाट्याला जास्त येईल, वाईट कमी. सगळेच सरासरीपेक्षा भाग्यवान असू शकत नाहीत. दहा वर्षे मावा खाणारा माणूस "माझे आजोबा नव्वदीपर्यंत पान खात होते" म्हणतो, तो हाच हिशेब. त्याच्याशी वाद घालत बसण्याऐवजी मी एक तपासणी सांगतो, ती तुम्हीही आता आरशासमोर करा. तोंड पूर्ण उघडून आपलीच तीन बोटे उभी आत जातात का पाहा. जात नसतील, किंवा तोंडात दोन-तीन आठवडे न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा. लवकर सापडलेल्या तोंडाच्या कॅन्सरचा निकाल उशिरा सापडलेल्यापेक्षा खूपच चांगला असतो.

"त्यांना सांगू नका, खचतील," ही विनंतीही इथलीच. रिपोर्ट मुलाच्या खिशात आणि वडील बाहेर बाकावर. खरे तर परळच्या टाटा हॉस्पिटलच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला आपण तिथे का आलो हे कळलेले असते. न सांगण्याने त्याची भीती कमी होत नाही, फक्त ती बोलायला कोणी उरत नाही. किती ऐकायचे आहे हे त्यालाच विचारावे आणि तेवढे सांगावे, असे माझे मत आहे.

निराशा वेगळी, खबरदारी वेगळी

निराशावादी माणसाचे सगळेच चुकते असे नाही. विरारहून भरून आलेल्या लोकलमध्ये मीरा रोडला पाय ठेवायला मिळणार नाही असे गृहीत धरून जो अर्धा तास आधी निघतो, भाईंदरहून सुटणारी गाडी पकडतो आणि परीक्षेला वेळेत पोहोचतो, तो निराशावादी की शहाणा? ज्युली नोरेम या मानसशास्त्रज्ञ याला बचावात्मक निराशावाद म्हणतात. काय काय बिघडू शकते याची यादी करून ही माणसे तयारीला लागतात. त्यांना "काळजी करू नकोस, सगळं छान होईल" म्हणून शांत करायला गेलात तर त्यांचे काम बिघडते. तुमच्या घरात असे कोणी असेल तर त्याला सुधारायला जाऊ नका. ऑपरेशनच्या फाइलची झेरॉक्स त्याच्याचकडे सापडेल.

घातक निराशा निराळी असते. मार्टिन सेलिग्मन यांनी दाखवले की, वाईट घटनेचे कारण आपण स्वतःला कसे सांगतो, यावर बरेच अवलंबून असते. साखर वाढली. "गणपतीत मोदक जास्त झाले, आता आवरतो," हे एक कारण. "माझ्याच्याने काहीच होत नाही, कधीच झालं नाही," हे दुसरे. दुसऱ्या वाक्यात एका आठवड्याची चूक कायमची झाली, एका गोष्टीतली चूक सगळ्या आयुष्यावर पसरली आणि सगळा दोष स्वतःकडे आला. असे बोलणारा माणूस पुढची साखर तपासतच नाही.

बोलायची ही पद्धत बदलता येते. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती याच पायावर उभी आहे: घटनेपेक्षा घटनेबद्दलचा आपला हट्टी समज जास्त त्रास देतो, म्हणून तो समज तपासायचा. मराठीत ती पोहोचवण्याचे मोठे काम डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने केले आहे. घोडबंदर रोडने गेलात तर मीरा-भाईंदरहून ठाणे काही लांब नाही.

तिसऱ्या माणसाचे प्रश्न

८.२ वाला तिसरा माणूस आठवा. त्याच्या प्रश्नाला उत्तर आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासात नव्याने मधुमेह झालेल्या ३,८६७ रुग्णांपैकी एका गटाचा एचबीएवनसी ७.० च्या आसपास ठेवला, दुसऱ्याचा ७.९ च्या. दहा वर्षांत पहिल्या गटात डोळे, किडनी अशा बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती २५ टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणजे "काही होणार नाही" हेही खोटे आणि "संपलं" हेही खोटे. एका टक्क्याहून कमी फरकाने एवढे होते.

म्हणून डॉक्टरला विचारा: काहीच केले नाही तर काय होईल? उपचार घेतले तर शंभरातल्या किती जणांना फायदा होतो? पुढची तपासणी कधी, आणि कोणते लक्षण दिसले तर थांबायचे नाही? गर्दीच्या दवाखान्यात हे विचारायला संकोच वाटतो, म्हणून कागदावर लिहून न्या.

नुसती स्वप्ने रंगवणे मात्र टाळा. १९९१ मध्ये वजन कमी करू पाहणाऱ्या २५ स्त्रियांच्या अभ्यासात, "मला जमेल" अशी अपेक्षा असलेल्यांचे वजन जास्त उतरले; बारीक झालेल्या स्वतःची गुलाबी चित्रे पाहणाऱ्यांचे कमी. अडचण आधीच धरून ठेवलेली बरी. "रात्री साडेनऊला घरी पोहोचल्यावर चालायला होणार नाही, म्हणून सकाळच्या गाडीआधी वीस मिनिटे" असे ठरवले तर ते होते.

हा स्वभाव नसून आजार असेल तर

आधी हसतमुख असलेला माणूस दोन आठवड्यांहून जास्त दिवस उदास आहे, आवडीच्या गोष्टीत रस नाही, झोप आणि भूक बिघडली आहे, आपण निरुपयोगी आहोत असे म्हणतो आहे, तर त्याला निराशावादी म्हणू नका. हे नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. पहिल्या भेटीत मी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घेतो, कारण यांच्या कमी-जास्तीनेही माणूस असाच दिसतो. जगू नये असे विचार येत असतील तर रिपोर्टची वाट पाहू नका, त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येते.